वेग घेताना गाडी थरथरते, पाय उचलला की शांत. नेमकं कुठे पाहायचं?

खामला_चौक
गाडी : २०१५ ची हॅचबॅक, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, पाच गिअर मॅन्युअल, ९४ हजार किमी. टायर १८५/६५ आर१५, नक्षी भरपूर शिल्लक.
लक्षण : ५५ ते ८० च्या मधे ॲक्सिलरेटर दाबून वेग घेताना अख्खा फ्लोअर थरथरतो, स्टिअरिंगही हातात किंचित डावं-उजवं होतं. पाय उचलला की लगेच बंद. ८५ च्या वर एकसारखी चालवली तर जाणवत नाही. आयडलिंग स्वच्छ, चेक इंजिन लाइट नाही.
झालेलं काम : व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट, एअर फिल्टर. फरक शून्य.
गॅरेजचं मत : चारही स्पार्क प्लग आणि त्यांना व्होल्टेज देणाऱ्या चारही कॉइल बदलवा, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे असं होतं. पैसे घालण्याआधी स्वतः काय तपासता येईल?

तर्रीपोहे
भाऊ, बाकी सगळं नंतर. पहिले चाकाचे नट पाहून घ्या. बॅलन्सिंगहून आलेली गाडी आहे नं? नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (कसण्याच्या जोराला), बहुतेक छोट्या गाड्यांत ८५ ते ११० न्यूटन मीटर, आणि एकाआड एक असे कसायचे. नट ढिला असल तरी गाडी हलते, आणि तो प्रकार जिवाशी खेळ आहे.
दुसरं, रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवा. उमरेड-काटोलकडच्या शेतरस्त्यावर गाडी गेली की काळ्या मातीचा चिखल रिमच्या आत चिकटून वाळतो, अन् सगळं बॅलन्सिंग पाण्यात.

टॉर्करेंच
बॅलन्सिंगने फरक पडला नाही यात नवल नाही. चाकाच्या तोलाला ॲक्सिलरेटर दाबला की सोडला हे कळत नाही. चाक असंतुलित असेल तर ९० वर न्यूट्रलमध्ये घसरतानाही गाडी थरथरेल. तुमची पाय उचलताच थांबते, म्हणजे कंप टॉर्कवर, इंजिन चाकाला देत असलेल्या पिळावर, अवलंबून आहे. असा कंप देणाऱ्या जागा मोजक्या : इंजिनाचं मिसिंग (मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग), क्लच, आणि गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा ड्राइव्ह शाफ्ट.

यातलं कोणतं, हे रस्त्यावरच ठरतं. पान्हा हातात घेण्याआधी एवढं करा.

एक, रस्ता डांबरी निवडा. नागपुरात सिमेंट रोड इतके झालेत की सांध्यांची टकटक आणि गाडीचा कंप यांत गल्लत होते. स्लॅबचा सांधा साधारण साडेचार मीटरला येतो. ७० च्या वेगात ते सेकंदाला चार-पाच ठोके. तो ठोका पाय उचलूनही थांबत नाही, एवढाच काय तो फरक.

दोन, ६० चा वेग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये घ्या आणि प्रत्येक वेळी दाबून ७५ पर्यंत न्या. थरथर तिन्ही गिअरमध्ये त्याच वेगाला आली तर ती इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली नाही, चाक-शाफ्टच्या बाजूची आहे. गिअरनुसार वेग बदलला पण आरपीएम तोच राहिला, तर इंजिन, फाउंडेशन किंवा क्लच.

तीन, कंप सुरू असताना क्लच दाबा. नंतर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तोच आरपीएम धरा. उभ्या गाडीत थरथर आली तर इंजिन किंवा फाउंडेशन. नाही आली तर मात्र इंजिन निर्दोष असं समजू नका, कारण लोड नसताना मिसिंग लपून बसतं.

चार, कमी आरपीएमवर लोड द्या. शहर सपाट आहे, पण फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ चालेल. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून अर्धा ॲक्सिलरेटर द्या. मिसिंग असेल तर इथे झटके येतील, अनियमित. शाफ्टचा कंप असा तुटक येत नाही. तो एकसारखा येतो आणि वेगाबरोबर त्याचा सूर वर चढतो.

लॅम्बडा
वरच्या चाचण्यांच्या आधी की नंतर ते तुम्ही ठरवा, पण कॉइल-प्लगचा आरोप सिद्ध करणं किंवा खोडणं अर्ध्या तासाचं काम आहे. ब्लूटूथवाला ओबीडी रीडर घ्या, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनाची माहिती मोबाइलवर वाचणारं यंत्र.

लाइट नाही म्हणजे मिसिंग नाही असं नव्हे. कोड पडायला ठरावीक प्रमाणात मिसफायर मोजावे लागतात, त्याच्या खालचे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पोटात ठेवतो. रीडरच्या ॲपमध्ये 'मोड ०६' असेल तर प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंट दिसतो, अर्थात गाडीने तो दिला पाहिजे. पेंडिंग कोडही पाहा : पी०३०० म्हणजे कुठेही, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर. लाइट लुकलुकायला लागला तर मात्र गाडी ताबडतोब हळू करायची. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो वितळतो.

एकाच सिलिंडरवर संशय असेल तर त्याची कॉइल शेजारच्यावर लावा. मिसफायर कॉइलबरोबर गेला तर कॉइल. नाही गेला तर प्लग तसाच हलवा. तरीही मिसफायर तिथेच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. चार कॉइल एकदम बदलवायचं कारण या पद्धतीत कधीच उरत नाही.

प्लग काढलाच तर चिनीमातीवर उभी काळी बारीक रेघ आहे का पाहा. ती करंटची वाट असते. लोडवर ठिणगी फटीत न पडता त्या रेघेवरून पळते. प्लगच्या विहिरीत तेल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, ते न बदलता नवीन प्लग-कॉइल घालणं वाया. गॅप मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिमीच्या दरम्यान. प्लग नेहमी थंड इंजिनात काढायचा, बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवायचा. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरवाला नवा प्लग टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, बस.

वाडीचा_पाना
सीएनजी किट असल तर एक सोपी खूण सांगतो. सीएनजीवर झटके मारते अन् पेट्रोलवर गुळगुळीत चालते, तर पहिला संशय प्लग-कॉइलवर. गॅसला ठिणगी पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून कमजोर कॉइल पहिले तिथेच उघडी पडते. गॅप पण थोडा कमी ठेवावा लागते. दोन्हीवर सारखीच थरथरत असल तर इंधनाला दोष देऊ नका, खाली पाहा.

खामला_चौक
किट नाही, फक्त पेट्रोल. ई२० चं काय? ते खरं असू शकतं?

लॅम्बडा
ई२० ला हवेच्या हिशोबात थोडं जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन गुणोत्तर १४.७, ई२० चं १३.५ च्या आसपास. ई१० वरून ई२० वर आल्याने फरक चार-पाच टक्क्यांचा, तो ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू स्वतः भरून काढतो. रीडरवर शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्यांची) बेरीज पाहा. उणे १० ते अधिक १० मध्ये असेल तर इंधन निर्दोष. अधिक १५ च्या पुढे असेल तर कुठे वाढते ते पाहा : फक्त आयडलिंगला जास्त आणि २५०० आरपीएमला नॉर्मल, तर इनटेकमध्ये हवा ओढतेय. उलट लोडवर वाढत जाते, तर फ्युएल पंप किंवा फिल्टर. अशा इंजिनांत इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलचं प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते पडायला नको.

जुन्या गाडीत इथेनॉलने टाकीतला साचलेला मळ सुटून फिल्टर भरतो, रबराचे जुने पाइप खराब होतात, हे खरं आहे. पण त्याचं लक्षण पिकअप मरणं, अडखळणं. ठरावीक वेगाच्या पट्ट्यात एकसुरी थरथर हे ई२० चं काम नाही. सध्या जे बिघडेल ते ई२० च्या माथी मारायची फॅशन आहे.

खामला_चौक
केलेल्या चाचण्या :
- नट ठीक, रिम आतून स्वच्छ.
- तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या तिन्हींत थरथर ५५ नंतरच सुरू होते, ७० च्या जवळ सगळ्यात जास्त. आरपीएम तिन्ही वेळी वेगळा.
- सेमिनरी हिल्सवर झटके नाहीत.
- चारही सिलिंडर मिसफायर शून्य. ट्रिमची बेरीज अधिक ५ ते ७.
- पुढे-मागे चार माणसं बसवली तर थरथर किंचित कमी वाटते. हे उलटं कसं?

टॉर्करेंच
उलटं नाही, हीच मोठी खूण आहे. इनर सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सच्या बाजूचा, तिरपा असूनही फिरणारा सांधा.

आत काय असतं ते सांगतो. शाफ्टच्या टोकाला तीन बोटांचा ट्रायपॉड, प्रत्येक बोटावर एक रोलर. तिन्ही रोलर गिअरबॉक्सला जोडलेल्या कपाच्या तीन खाचांत बसतात. चाक खाली-वर होताना शाफ्टची लांबी बदलते, ती जागा या खाचांतल्या सरकण्याने मिळते. शाफ्ट तिरपा असेल तर प्रत्येक फेरीत प्रत्येक रोलर खाचेत पुढे-मागे सरकतो. टॉर्क असताना रोलर खाचेच्या एकाच भिंतीवर जोरात दाबलेला असतो. त्या भिंतीला खड्डा पडला की तो सरकताना अडतो आणि शाफ्टला आडवा धक्का बसतो. तीन रोलर, म्हणून एका फेरीत तीन धक्के. टॉर्क काढला की दाब गेला, धक्का गेला. म्हणून पाय उचलताच गाडी शांत.

माणसं बसल्यावर कमी का? गाडी खाली बसली, शाफ्ट सरळ झाला, रोलरचं सरकणं कमी झालं. वेग घेताना पुढचा भाग वर उचलला जातो, तिरपेपणा वाढतो आणि थरथर वाढते. ग्राउंड क्लिअरन्ससाठी सस्पेन्शनमध्ये स्पेसर टाकणाऱ्यांची गाडी याच कारणाने थरथरायला लागते. जॉइंट शाबूत असूनही.

आकड्यात खात्री हवी असेल तर मोबाइलमध्ये कंप मोजणारं, स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप टाका. फोन होल्डरमध्ये नको. सीटच्या रुळाजवळ फ्लोअरला दुहेरी टेपने चिकटवा आणि वाचन शेजारच्याला करू द्या. तुमच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ७० वर चाक सेकंदाला १० फेऱ्या मारतं. शिखर १० हर्ट्झला आलं तर टायर-रिम, ३० ला आलं तर ट्रायपॉड. पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमला एक सिलिंडर मिस होत असेल तर ते १६-१७ ला दिसेल. तिन्ही एकमेकांपासून इतके लांब आहेत की घोळ होत नाही.

हिंगणा_टी_पॉइंट
पण बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलेला नसेल, ग्रीस उडालेलं नसेल तर एक्सल, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, चांगला असतो नं? सगळे मेकॅनिक तेच पाहतात.

वाडीचा_पाना
तेच तर चुकते. बूट फाटला तर बाहेरचा जॉइंट जातो, तो फुल स्टिअरिंग कापून वळताना कटकट आवाज देते. आतला जॉइंट बूट शाबूत असून झिजते. जुनं ग्रीस पातळ होऊन बुडाशी बसते, खाचेच्या भिंतीवर राहतच नाही. एक्झॉस्टच्या बाजूचा बूट असल तर अजून तापते, अन् आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर.

गाडी जॅकवर घेऊन शाफ्ट कपाजवळ धरा अन् गोल फिरवायचा प्रयत्न करा. आत-बाहेर सरकते ते नॉर्मल आहे, त्याला भिऊ नका. गोल फिरवताना 'टक' झाला तर झीज. पण खरी खात्री कप उघडल्यावरच. ग्रीस पुसून, डिझेलनं धुऊन, खाचेच्या भिंतीवरून अंगठ्याचं नख ओढा. चांगल्या कपात नख सरळ निघून जाते. झिजलेल्यात रोलरची जागा चमकते, निळसर पडते, अन् तिच्या कडेला नख अडकते. नख अडकलं की विषय संपला, ग्रीस भरून काही होत नाही. थोडे दिवस आवाज दबते, मग वापस तेच.

प्रतापनगरची
मधेच विचारते, क्षमा. मागच्या चाकांवर चालणारी व्हॅन आहे. पहिल्या गिअरमध्ये निघतानाच थरथरते, २०-२५ नंतर बंद. तेही हेच का?

टॉर्करेंच
नाही ताई. दोन शक्यता. क्लच सोडताना, अर्धा सुटलेला असतानाच थरथर आणि रिव्हर्सलाही तशीच, तर क्लच : प्लेटवर तेल आलेलं, किंवा प्रेशर प्लेट-फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडलेले. तेल असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील बदलल्याशिवाय नवी प्लेट टाकू नका, नाहीतर तीही भिजेल. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासल्याशिवाय गिअरबॉक्स वापस चढवू देऊ नका.
क्लच पूर्ण सुटल्यावरही थरथर राहत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगचं रबरही पाहा. क्रॉस हाताने हलवून पाहायचा. एका दिशेला जरी अडखळला तरी बाद. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करायची, तसाच वापस बसला पाहिजे. उलटा बसवलात तर नवीनच कंप विकत घ्याल.

नंदनवन_ऑटो
ऑटोमॅटिकवाल्यांसाठी एक ओळ : टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ५०-७० ला हलक्या ॲक्सिलरेटरवर रम्बलरवरून गेल्यासारखं वाटलं आणि ब्रेकला किंचित पाय लावताच थांबलं, तर कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच सुटला म्हणून थांबलं. आधी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) बदला, कंपनीच्याच ग्रेडचं. गिअरबॉक्स उघडायला सांगणाऱ्याला थांबवा.

तर्रीपोहे
फाउंडेशन कोणी सांगितलंच नाही. बोनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडा, दुसरा माणूस बाजूला उभा राहून इंजिन पाहीन. समोर कोणी उभं राहायचं नाही. इंजिन बोटभर हललं तर चालते, उडी मारली तर टॉर्क रॉडचा बुश किंवा बाजूचं फाउंडेशन गेलं. तेलाचं फाउंडेशन असल तर खाली काळा ओघळ दिसते. अन् फाउंडेशन बसलं की इंजिन खाली येते, शाफ्टचा कोन बदलते. म्हणून दोन्ही एकाच वेळी पाहून घ्या.

खामला_चौक
ॲपवर ७० ला शिखर २९-३० हर्ट्झ. पाय उचलला की शिखर गायब. फाउंडेशन ठीक. जॅकवर उजवा शाफ्ट 'टक' करतो, डावा नाही. आता काढण्याची पद्धत नीट सांगा, समोर उभं राहून करून घ्यायचं आहे.

वाडीचा_पाना
क्रमानं.

हब नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा. त्याची कॉलर शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती छिन्नीनं पहिले उचला, नाही तर आटे जातात. मग जॅक, अन् जॅकवर भरवसा नाही, खाली स्टँड पायजेच. मागच्या चाकाला ओट लावा.

गिअर ऑइल काढून घ्या. अशा गिअरबॉक्समध्ये दोन लिटरच्या आसपास असते. न काढता शाफ्ट ओढला तर ते सगळं मेकॅनिकच्या तोंडावर.

एबीएसची वायर क्लिपमधून सोडवा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडून नकल (हब धरणारा भाग) बाहेर ओढायचं. स्ट्रटचे बोल्ट सोडत असाल तर कॅम्बरच्या (चाकाच्या उभ्या कलाच्या) जागेला पहिले रंगानं खूण करा. हबमधून शाफ्ट ढकलताना जुना नट चार आटे लावून त्याच्यावर ठोका, उघड्या टोकावर हातोडा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शाफ्ट धरून ओढायचा नाही. ओढला की बुटाच्या आत ट्रायपॉड कपातून सुटते, रोलर पडतात. कप अन् गिअरबॉक्सच्या मधे पहार घालून छोटा झटका द्यायचा, कप स्वतः सुटते. निघताना आडवा होऊ देऊ नका, ऑइल सीलची ओठ कापल्या जाते. तरी सील नवीनच टाका, शाफ्ट एकदा बाहेर आल्यावर जुनं सील ठेवणं कंजुषी आहे.

शाफ्ट नसताना गाडी चाकावर उतरवू नका, ढकलू तर अजिबात नका. व्हील बेअरिंग हब नटच्या दाबानंच धरून असते.

टॉर्करेंच
यात भर. ट्रायपॉड काढण्याआधी शाफ्टवर आणि त्यावर रंगाने खूण करा, पंच मारू नका. कप आणि ट्रायपॉड जोडीनेच बदलायचे. नवे रोलर जुन्या खड्ड्यात घातले तर काहीच साधत नाही. किटमधल्या पुडीतलं ग्रीस पूर्ण वापरा : निम्मं कपात, बाकी रोलर आणि बुटात. बाहेरच्या जॉइंटचं काळं मॉलिब्डेनम ग्रीस आणि आतल्याचं ग्रीस वेगळं असतं, घरात डबा आहे म्हणून एकच भरू नका. क्लॅम्प आवळण्याआधी शाफ्टची लांबी मॅन्युअलप्रमाणे ठेवून बुटाचा ओठ बोथट स्क्रूड्रायव्हरने उचला, आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा होऊ द्या. नाहीतर बूट आत ओढला जाऊन घासतो.

टोकाची सर्कलिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी तारेची कडी) नवी. कप आत ढकलल्यावर 'क्लिक' येतो. आल्यावर कप हाताने बाहेर ओढून पाहा, यायला नको. हब नट नवा, गाडी जमिनीवर उतरवून टॉर्क रेंचनेच. छोट्या गाड्यांत हा आकडा बऱ्याचदा १७५ ते २५० न्यूटन मीटरमध्ये असतो, पण मॅन्युअलमधला घ्या; एअर गनने 'पुरे झालं' हा आकडा नाही. शेवटी कॉलर ठोकून बसवा. ऑइल लेव्हल प्लगमधून थेंब यायला लागेपर्यंत, गाडी सपाट असताना.

हिंगणा_टी_पॉइंट
पूर्ण शाफ्ट घ्यायचा की फक्त इनर किट? घाट रोडला रिकंडिशन शाफ्टही मिळतो.

टॉर्करेंच
बाहेरचा जॉइंट कटकटत नसेल आणि त्याचा बूट शाबूत असेल तर फक्त इनर कप-ट्रायपॉड किट. रिकंडिशनमध्ये खाचा घासून मोठे रोलर घातलेले असतात. काम चांगलं झालं असेल तर चालतो, पण बाहेरून ते कळत नाही. काहीही घ्या, काउंटरवरच जुन्याशेजारी ठेवून तीन गोष्टी मोजा : स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचांचे) दात, एबीएस रिंगचे दात, एकूण लांबी. एबीएस रिंगचा एक दात कमी-जास्त निघाला तर थरथर जाईल आणि एबीएसचा लाइट येईल.

लॅम्बडा
जुनी युक्ती कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो : दोन्ही बाजूंचे कप सारखे असतील तर ते अदलाबदल करतात. पुढे चालताना खाचेची एकच भिंत झिजते, बाजू बदलली की न झिजलेली भिंत कामाला लागते. तत्त्व बरोबर आहे. पण मजुरी दोन्ही बाजूंची लागते आणि रोलर जुनेच राहतात. किट मिळत नसेल तरच.

खामला_चौक
उजवा कप उघडला. तिन्ही खाचांत पुढच्या भिंतीला चमकदार पट्टा, नख अडकतं. मागची भिंत नव्यासारखी. ग्रीस पाण्यासारखं पातळ, बुडाशी जमलेलं. इनर किट, सील, सर्कलिप, हब नट, दोन लिटर ऑइल घातलं. ६० ते ८० तिन्ही गिअरमध्ये दाबून पाहिलं, थरथर नाही. ॲपवर ३० हर्ट्झचं शिखर नाही. प्लग-कॉइलला हात लावला नाही.
डावीकडचा आता बदलवू का?

वाडीचा_पाना
'टक' नाही, थरथर नाही, तर कप बदलवू नका. त्या बाजूचा बूट मात्र एकदा काढा, जुनं ग्रीस धुऊन नवीन भरा, क्लॅम्प नवीन टाका. अन् उजवीकडच्या सीलखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर गाडी उभी करा. सकाळी डाग दिसला तर सील तिरपं बसलंय, ऑइल कमी व्हायच्या आत वापस न्या.

तर्रीपोहे
अन् ज्या चाकांचे नट खोलले ते ५०-१०० किमी चालल्यावर वापस टॉर्कला पाहून घ्या, भाऊ.